रविवारी केक कापायचाय? मग आठवडाभर आधीपासून काय काय उरकून ठेवाल

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी दहाला ओव्हन तापवायला घेतलेली व्यक्ती संध्याकाळच्या फोटोत लगेच ओळखू येते. केसांना मैदा, कपाळावर घाम आणि नजर कॅमेऱ्याकडे नाही तर केक कुठे कलतोय का तिकडे. खरं तर त्या दिवशी ओव्हन लावायचं कारणच नसतं.

केक आपण एक पदार्थ म्हणून मोजतो, पण त्यात स्पंज, पाक, आतलं सारण, बाहेरचं क्रीम आणि वरची सजावट असे पाच वेगळे पदार्थ असतात आणि प्रत्येकाची टिकायची मुदत वेगळी. फॉन्डंटची, म्हणजे सजावटीसाठी मळलेल्या साखरेच्या गोळ्याची, बाहुली दोन आठवडे राहते, नीट गोठवलेला स्पंज महिनाभर, पाक आठवडाभर. फेटलेलं क्रीम दोन-तीन दिवस तग धरतं आणि चिरलेला आंबा काही तासांत पाणी सोडतो. ज्याची मुदत लांब ते आधी, ज्याची कमी ते शेवटी. बाकीचं सगळं नियोजन म्हणजे केक कापायच्या वेळेपासून उलटं मोजत येणं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक प्रसंग धरून चालू. मे महिना, बाळाचा पहिला वाढदिवस, रविवारी संध्याकाळी सातला केक कापायचा, माणसं तीसेक. घरात २५-२८ लिटरचा ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) आणि चार माणसांच्या कुटुंबाला पुरेल असा साधा फ्रिज. एसी असलाच तर बेडरूममध्ये.

रेसिपीच्या आधी फ्रिजचं माप

बहुतेकजण आधी केकचं चित्र पसंत करतात आणि शनिवारी रात्री कळतं की तो फ्रिजमध्ये जातच नाही. म्हणून पहिलं काम मेजरटेप घेऊन फ्रिजसमोर बसण्याचं. एक किलोच्या केकला साधारण १० इंची बोर्ड आणि तेवढंच खोकं लागतं, दीड-दोन किलोला १२ इंची. कप्प्याची रुंदी, खोली आणि दोन कप्प्यांमधली उंची मोजा. खोली मोजताना दार लावून पाहा, कारण दारातल्या बाटल्यांचे कप्पे आत दोन-तीन इंच घुसतात. वरची जाळी काढून खालच्या कप्प्याला उंची देता येते का, तेही आत्ताच बघून ठेवा.

त्यात समारंभाच्या आदल्या दिवशी फ्रिजवर हक्क सांगणारे बरेच असतात: श्रीखंडाचे डबे, चिरलेल्या भाज्या, भिजवलेलं पनीर, थंड पाण्याच्या बाटल्या. घरात सगळ्यांना आधीच सांगून टाका की शनिवार दुपारपासून मधला कप्पा केकचा. जागा होतच नसेल तर शेजारच्या काकूंना आठवडाभर आधी विचारून ठेवा. ऐनवेळी दार वाजवलं की त्यांच्याकडेही नेमकी इडलीच्या पिठाची पातेली बसलेली असतात.

वासाचंही बघा. क्रीम आजूबाजूचा वास पटकन ओढून घेतं. लसणाची चटणी, चिरलेला कांदा किंवा मासळी असलेल्या फ्रिजमध्ये उघडा ठेवलेला व्हॅनिला केक दुसऱ्या दिवशी व्हॅनिलाचा राहत नाही. शुक्रवारी फ्रिज पुसून घ्या, वासाच्या वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यांत घाला आणि केक खोक्यातच ठेवा.

किती माणसं, किती केक

नुसता केक आणि वेफर्स असतील तर माणशी ८०-१०० ग्रॅम धरावा. नंतर पोटभर जेवण असेल तर ६०-७० ग्रॅम पुरतो. तीस माणसं आणि पुढे पावभाजी-पुलाव असा बेत असेल तर दोन किलोंत भागतं.

हे दोन किलो एकाच केकमध्ये बसवायचा अट्टहास करू नका. समोर ठेवायला एक किलोचा नीट सजवलेला गोल केक आणि स्वयंपाकघरात त्याच चवीचा, वर नुसतं क्रीम पसरलेला चौकोनी केक, ही जोडी घरगुती ओव्हनला आणि फ्रिजला झेपते. समोरचा कापून फोटो होईपर्यंत आत चौकोनी केकचे तुकडे बशांत पडलेले असतात आणि ‘अजून मला मिळाला नाही’ म्हणणारं पोर उरत नाही. दोन मजली केकचा मोह मला तरी उन्हाळ्यात पटत नाही. त्यात आधाराच्या काड्या, मधला बोर्ड आणि उचलाउचलीची धास्ती एवढंच वाढतं.

टिनच्या मापाचा एक हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. ८ इंची गोल टिन आणि ७ इंची चौकोनी टिन यांचं क्षेत्रफळ जवळजवळ सारखं, म्हणजे एकच रेसिपी दोन्हींत चालते. ६ इंची गोल टिनला ८ इंचीच्या निम्म्याहून थोडं जास्त मिश्रण लागतं, १० इंचीला दीडपटीहून थोडं जास्त. टिनचा व्यास दोन इंचांनी वाढला म्हणून मिश्रण ‘थोडंसं वाढवू’ म्हणणाऱ्यांचा केक पोळीसारखा बसतो.

आणखी एक गोष्ट कॅलेंडर बघून ठरवायची. त्या दिवशी संकष्टी किंवा एकादशी आहे का, श्रावण आहे का? उपासवाल्यांची संख्या हिशोबातून वजा होते आणि अंड्याचा केक करायचा की बिनअंड्याचा हेही तिथेच ठरतं. घरी आजी-आजोबा अंडं खात नसतील तर दोन प्रकार करण्यापेक्षा सगळाच बिनअंड्याचा करावा. कुठला तुकडा कोणाचा, या गोंधळातून सुटका होते. पाहुण्यांत कोणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का, तेही आमंत्रणाच्या फोनवरच विचारून घ्या.

आधी टिकेल असा स्पंज निवडा

चार-पाच दिवस आधी करायचा तर लोण्याऐवजी तेलाचा स्पंज घ्या. लोणी फ्रिजमध्ये घट्ट होतं, त्यामुळे बटरचा केक गार असताना कोरडा आणि कडक लागतो. तो खायच्या तास-दीड तास आधी बाहेर काढावा लागतो आणि मे महिन्यात तेवढा वेळ क्रीम बाहेर टिकत नाही. तेल गारव्यातही पातळच राहतं, म्हणून तेलाचा स्पंज फ्रिजमधून काढल्या काढल्याही मऊ लागतो.

बिनअंड्याचा, दह्यातला भरवशाचा स्पंज असा. एक कप ताजं, आंबट नसलेलं दही आणि पाऊण कप साखर विरघळेपर्यंत फेटायची. त्यात सव्वा चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून पाच मिनिटं ठेवायचं. मिश्रण फुगून फेस आला की अर्धा कप वास नसलेलं तेल आणि चमचाभर व्हॅनिला. मग दीड कप चाळलेला मैदा दोन-तीन वेळा करून हलक्या हाताने मिसळायचा. तळाला बटर पेपर लावलेल्या ८ इंची गोल टिनमध्ये ओतून, १८० अंशांवर आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये ३५-४० मिनिटं. साधारण सहाशे ग्रॅमचा स्पंज निघतो. पाक आणि क्रीम धरून तोच एक किलोच्या थोडा पुढे जातो.

दोन केक म्हणजे दोन घाणे. इथे मिश्रण एकदम दुप्पट करून दुसरं टिन ओट्यावर ताटकळत ठेवू नका. दही आणि सोड्याची क्रिया लगेच सुरू होते आणि ती हवा निघून गेली की केक फुगत नाही. पहिला केक ओव्हनमध्ये असताना दुसऱ्याचं साहित्य मोजून ठेवा आणि पहिला निघायला दहा मिनिटं उरली की दुसऱ्याचं दही फेटायला घ्या.

बेकिंग पावडर डब्यात किती दिवस पडून आहे ते आठवत नसेल तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा. जोरात फसफसली तर ठीक, नुसती विरघळली तर नवीन आणा. सोड्याला हीच परीक्षा लिंबाच्या रसाची.

बुधवारी संध्याकाळी भाजायला घ्यावं. पुण्यात वीज कंपनीची दुरुस्तीची कामं बरेचदा गुरुवारी निघतात, त्यामुळे गुरुवार दुपार ओव्हनच्या नावाने राखून ठेवणं धोक्याचं. तुमच्या गावचा असा वार कोणता ते तुम्हाला ठाऊक असेलच.

गार करणं, गुंडाळणं, गोठवणं

बहुतेक केक इथे बिघडतात, म्हणून जरा थांबून सांगते.

ओव्हनमधून काढल्यावर दहा मिनिटं टिनमध्येच राहू द्या. मग कडेने सुरी फिरवून जाळीवर उलटा करा आणि बटर पेपर काढा. आता पूर्ण गार होऊ द्यायचा. वरून गार वाटला तरी मध्ये ऊब असते. तळाखाली तळहात धरून बघा, मध्यभागी कोमट लागलं तर अजून अर्धा तास. उन्हाळ्यात सहज दोन तास जातात. गरम केक गुंडाळला की वाफ आतच अडकते, वरचा पापुद्रा चिकट होतो आणि बुरशीला आयतं घर मिळतं.

गार झालेला स्पंज फ्रिजमध्ये उघडा ठेवायचा नाही, गुंडाळूनही शक्यतो नको. केक शिळा होतो तो फक्त पाणी उडाल्यामुळे नाही. भाजताना मऊ झालेला मैद्यातला स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट होत जातो आणि हे काम फ्रिजच्या तापमानाला, म्हणजे चारेक अंशांवर, सगळ्यात वेगाने होतं. फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर ते जवळपास थांबतं. म्हणून कोऱ्या स्पंजला जागा दोनच: उद्याच लागणार असेल तर गुंडाळून बाहेर, नाहीतर थेट फ्रीजर. क्रीम लावलेल्या केकला फ्रिज टाळता येत नाही, पण तिथे पाक, क्रीम आणि स्पंजमधलं तेल मिळून मऊपणा सांभाळून घेतात.

गुंडाळायची पद्धत अशी. ओट्यावर क्लिंग फिल्म पसरा, केक मधोमध ठेवा आणि हवा अडकणार नाही अशी घट्ट ओढून सगळीकडून लपेटा. मग केक नव्वद अंशांत फिरवून दुसरा वेढा, म्हणजे पहिल्याची शिवण दुसऱ्याखाली जाते. त्यावर ॲल्युमिनियम फॉइल किंवा झिपची पिशवी. वर कागदाच्या चिकटपट्टीवर नाव आणि तारीख. सपाट ताटलीवर ठेवून फ्रीजरमध्ये ठेवा आणि कडक होईपर्यंत त्याच्यावर मटारची पिशवी टाकू नका. एकदा कडक झाला की उभा ठेवलात तरी चालतो.

दोन दारांच्या फ्रिजमधला वेगळा फ्रीजर असेल तर असा स्पंज महिनाभर उत्तम राहतो. एकदारी फ्रिजमधल्या वरच्या बर्फाच्या कप्प्यावर तेवढा विश्वास ठेवू नका, तिथे चार-पाच दिवसच धरा. आपल्या बुधवार ते शनिवारला ते पुरेसे आहेत.

बाहेर काढल्यावर वेष्टन लगेच सोडायचं नाही. गार वस्तूवर हवेतलं पाणी जमतं. ते प्लास्टिकवर जमू दे, केकवर नको. ओट्यावर तसाच दोन तास ठेवा. बाहेरून मऊ पण मध्ये अजून थोडा घट्ट अशा अवस्थेत तो कापायला सगळ्यात सोपा, कारण चुरा पडत नाही आणि थर सरळ निघतात.

पाक, सारण आणि फळांचे नखरे

शुक्रवारी ही कामं बसल्या बसल्या होतात. पाकासाठी १०० ग्रॅम साखर २०० मिली पाण्यात विरघळेपर्यंत उकळून गार करा आणि बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. एका किलोच्या केकला सव्वाशे ते दीडशे मिली पुरतो. बिनअंड्याचा स्पंज पाक भराभर पितो, पण म्हणून ओतू नका. चमच्याने किंवा ब्रशने कडेपासून मध्याकडे जा.

मे महिना म्हटल्यावर आंबा आलाच. केकच्या आत कच्च्या फोडी आदल्या दिवशी भरल्या की पाणी सुटून थर घसरतो. हापूसचा रस थोडी साखर घालून मंद आचेवर आटवा, इतका की पळीवरून घरंगळताना दाट थेंब पडेल. हा शुक्रवारी करून ठेवायचा आणि शनिवारी आत भरायचा. ताज्या फोडी रविवारी, टिश्यूवर कोरड्या करून, फक्त वर.

ताज्या अननसातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम जिलेटिन सेट होऊ देत नाही आणि दुधाच्या क्रीमला कडवट करतं. फोडी साखर घालून पाच-सात मिनिटं शिजवल्या की ते निष्प्रभ होतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो नुसता निथळून घ्या.

रसमलाई केकचं वेळापत्रक वेगळं. त्यात पाकाच्या जागी आटवलेलं केशर-दूध असतं, म्हणून तो आदल्या संध्याकाळी भिजवून दुसऱ्या दिवशी संपवायचा. दोन दिवस आधीची हौस तिथे नको.

गनाशला, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या दाट मिश्रणाला, मात्र वेळेचं बंधन कमी. उन्हाळ्यात डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग घ्या, व्हाइट चॉकलेटला तीनास एक. क्रीम उकळी यायच्या बेताला गरम करून चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून ढवळायला सुरुवात करा. रात्रभर बाहेर झाकून ठेवलं की पसरवण्याजोगं होतं. फार उकाडा असेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि लावायच्या तासभर आधी काढा.

क्रीम: कोणतं आणि कधी

किराणा दुकानात ‘फ्रेश क्रीम’ नावाने मिळणाऱ्या खोक्यात साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. भाजीत छान, पण कितीही फेटलं तरी केकवर उभं राहत नाही. फेटायला किमान ३० टक्के लागतात. अमेरिकेत राहणाऱ्यांना ३६ टक्क्यांचं हेवी क्रीम आणि इंग्लंडातल्यांना ४८ टक्क्यांचं डबल क्रीम सहज मिळतं, त्यांचा हा प्रश्न तिथेच सुटतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात बेकरीवाले वापरतात ते नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम जास्त तग धरतं. चवीला दुधाचं क्रीम उजवं, याबद्दल माझं दुमत नाही. पण ३८ अंशांच्या हॉलमध्ये औक्षण चालू असताना कोण उभं राहील, हा प्रश्न चवीच्या पुढचा. हे क्रीम बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत गोठलेल्या पाकिटात मिळतं. आणताना थर्माकोलचा डबा किंवा बर्फाची पिशवी न्या आणि घरी आल्यावर तडक फ्रीजरमध्ये. आपल्या दोन केकना मिळून सहाशे ग्रॅमच्या आसपास लागेल, म्हणजे एक किलोचं पाकीट पुरून उरतं.

पाकीट शुक्रवारी सकाळीच फ्रीजरमधून खाली फ्रिजमध्ये ठेवा. गोठलेलं किलोभर क्रीम सुटायला दिवस लागतो आणि शनिवारी सकाळी आठवण झाली तर ते गरम पाण्यात बुडवायचा मोह होतो. तसं करू नका, बाहेरचं कोमट आणि आतला बर्फ तसाच राहतो. फेटताना त्यात बर्फाची थोडी कणी असली तर उलट बरं. एकदा सुटलेलं पाकीट परत गोठवायचं नाही. उरलेलं पातळ क्रीम फ्रिजमध्ये ठेवून पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत वापरा.

शनिवार: जोडणी

उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर, नाहीतर एसीच्या खोलीत टेबल लावून. स्वयंपाकघरात शेगडी चालू असताना क्रीम फेटायला घेऊ नका. भांडं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवलेली असावीत.

क्रीम आधी सावकाश, मग मध्यम वेगाने फेटा. पात्यांच्या खुणा उमटायला लागल्या की दर अर्ध्या मिनिटाने थांबून पातं वर उचला. टोक उभं राहून शेंडा किंचित वळला की भरायला आणि पसरायला योग्य. टोक ताठ झालं की नोझलने फुलं काढायला योग्य. त्याच्या पुढे गेलात तर क्रीम दाणेदार दिसतं आणि केकच्या कडेला तडे जातात. तसं झालंच तर दोन चमचे पातळ क्रीम घालून हाताने हलकेच ढवळा, बरंचसं सुधारतं.

स्पंजचा वरचा फुगीर भाग दातेरी सुरीने सपाट करा. तो कापलेला घुमट मुलांच्या हाती दिलात की बाकीच्या केकला कोणी बोट लावत नाही. उरलेल्याचे दोन किंवा तीन आडवे थर करा. बोर्डवर क्रीमचं बोट टेकवून पहिला थर चिकटवा, पाक लावा, क्रीम पसरा. आंब्याचं सारण घालायचं तर आधी कडेने क्रीमचा बांध घाला आणि सारण त्याच्या आत भरा, नाहीतर वजनाने बाहेर येतं. शेवटचा थर उलटा ठेवायचा, म्हणजे टिनच्या तळाची सपाट बाजू वर येते.

मग सगळीकडून क्रीमचा अगदी पातळ हात. हा क्रम कोट, सुटा चुरा धरून ठेवण्यासाठी. यानंतर केक अर्धा तास फ्रिजमध्ये आणि क्रीमचं भांडंही. हाताला क्रीम सैल वाटायला लागलं की थांबायचं, पुन्हा गार करायचं. वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्यांत काम केलं तर उन्हाळ्यातही कड सरळ येते. सलग तासभर झगडलात तर केक आणि तुम्ही दोघंही वितळता.

दुसरा हात देऊन केक खोक्यात आणि खोकं फ्रिजमध्ये. चौकोनी केकला एवढे सोपस्कार नकोत. दोन थर, मध्ये क्रीम, वर क्रीम, काट्याने रेघा. रात्रभरात पाक सगळीकडे सारखा मुरतो. म्हणूनही आदल्या दिवशीचा क्रीम केक ताज्या केलेल्यापेक्षा चवीला बरा लागतो.

रविवार

सकाळी फुलं काढा, नाव लिहा. लिहिण्याआधी तीच अक्षरं तेवढ्याच मापाच्या ताटलीवर लिहून बघा. देवनागरीत काना-मात्रा धरून जागा जास्त लागते आणि ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ आठ इंचांत कधीच बसत नाही. बाळाचं नाव पुरे. दुपारी चारला फळं. टॉपर (केकवर खोचायची पाटी) आणि फॉन्डंटच्या गोष्टी अगदी शेवटी. लहान मुलं खाणार असतील तर अख्खे बदाम आणि साखरेचे कडक मोती टाळलेले बरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं: सातला कापायचा म्हणून पावणेसातला केक टेबलावर मांडू नका. आपल्याकडे आधी औक्षण, त्याला आत्या हवी, आत्या सिग्नलला अडकलेली. औक्षणाची पहिली ओवाळणी सुरू झाली की मग केक फ्रिजमधून काढा. नॉन-डेअरी क्रीमला दहा-पंधरा मिनिटं बाहेर पुरतात. क्रीमचा केक दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नसावा आणि खोलीत ३२ अंशांच्या वर गरम असेल तर एक तासच धरा. पंख्याखाली ठेवून गार राहतो हा गैरसमज आहे, पंख्याने क्रीमवर नुसती साय धरते.

पावसाळा, वीज आणि गाडी

फॉन्डंटच्या बाहुल्या, अंक, फुलं आठवडा-दोन आठवडे आधी करून पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरड्या जागी ठेवा. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात त्या मऊ राहतात, फ्रिजमध्ये ठेवल्या तर बाहेर काढल्यावर घामेजतात आणि रंग ओघळतात. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हे हटकून होतं. पूर्ण फॉन्डंटचा केक पावसाळ्यात करायचाच असेल तर आत क्रीमऐवजी गनाश आणि खोलीत एसी. नाहीतर बेत बदला.

वीज गेली तर फ्रिज उघडून बघत बसू नका. दार बंद असेल तर आतला गारवा चारेक तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवसही धरतो.

केक दुसरीकडे न्यायचा असेल तर मांडीवर नाही आणि सीटवरही नाही, सीटला मागे उतार असतो. पुढच्या सीटसमोरची पायाखालची जागा सपाट असते. तिथे जुनी रबरी चटई अंथरून त्यावर खोकं ठेवा. निघण्याआधी दहा मिनिटं गाडीचा एसी लावून ठेवा. घाट असेल तर केक आतपर्यंत चांगला गार हवा, म्हणून फुलं-फळं सोबत डब्यात न्या आणि पोचल्यावर लावा.

जो केक मुद्दाम जुना करायचा

नाताळच्या सुक्या फळांच्या केकला वरचं सगळं उलटं लागू होतं. काळे आणि सोनेरी मनुके, बेदाणे, चेरी, संत्र्याच्या सालीची टूटीफ्रूटी असं एक किलो सामान काचेच्या बरणीत घालून २५०-३०० मिली रममध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीला भिजवा. लोणच्याच्या बरणीसारखा चमचा कोरडा हवा आणि दोन-तीन दिवसांनी वर-खाली करायला हवं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात केक भाजा. गार झाल्यावर आधी बटर पेपर आणि मग फॉइल, कारण फळांतल्या आम्लाचा ॲल्युमिनियमशी थेट संबंध नको. घट्ट डब्यात, थंड कोरड्या जागी. दर आठवड्याला सळईने भोकं पाडून एक-दोन चमचे रम पाजायची, शेवटचे चार दिवस काही नाही. म्हणजे कापताना ओला लागत नाही आणि सुरीला चिकटत नाही.

दारू नको असेल तर फळं संत्र्याच्या रसात पाच मिनिटं उकळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. पण मग टिकवणारं काही उरत नाही, त्यामुळे केक आठवडाभराच्या आत संपवायचा किंवा गोठवायचा. महिनाभर बाहेर ठेवायचा नाही.

गोव्याचा बाथ हा या सगळ्यात वेगळा. रवा, नारळ, लोणी आणि अंड्यांचं त्याचं मिश्रणच रात्रभर ठेवायचं असतं. रवा फुगू द्यायचा आणि सकाळी भाजायचा. सोड्याच्या स्पंजचं मिश्रण दहा मिनिटंही थांबत नाही आणि हा मात्र बारा तास आरामात बसतो. बेबिंक या गोव्याच्याच थरांच्या केकचं काम वेळखाऊ, एकेक थर ओतून वरच्या आचेवर भाजत जायचं. पण ती टिकते छान, त्यामुळे सणाच्या तीन-चार दिवस आधी करून मोकळं होता येतं.

उरलेलं

दोन तासांच्या आत परत फ्रिजमध्ये गेलेला क्रीम केक तीन दिवसांत संपवा. टेबलावर गप्पांच्या नादात चार तास राहिलेला, त्यातून दुधाच्या क्रीमचा किंवा ताज्या फळांचा असेल तर जीव अडकवू नका, टाका. जास्तच उरला असेल तर फळं काढून तुकडे करा, ताटलीवर सुटे सुटे मांडून तासभर उघडेच गोठवा म्हणजे क्रीम कडक होतं. मग एकेक तुकडा क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून डब्यात भरा. हवा तेव्हा एक काढून वेष्टनासकट फ्रिजमध्ये चार-पाच तास ठेवायचा. नुसता स्पंज उरला असेल तर कुस्करून काचेच्या वाट्यांत थोडा पाक, उरलेलं क्रीम आणि आटवलेला आंबा असे थर लावा. सोमवारी भांडी आवरायला आलेल्या सगळ्यांना पुरतो.